सातबाऱ्यातील चूक आणि अभियंत्याचा तिसरा प्रश्न

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात 'इतिहासाची साधने' हा भाग शिकविताना मी विद्यार्थ्यांना सांगितले, की दिवाळीच्या सुटीहून परत येताना प्रत्येकाने आपल्या घरच्या सातबाऱ्याची प्रत आणावी. ताम्रपट आणि बखरी पुस्तकात असतातच. घरातील कागदही इतिहासाचे साधन असतो, एवढेच दाखवावे हा हेतू होता. वाचन सुरू झाले तेव्हा एका मुलाच्या लक्षात आले, की सातबाऱ्यावरील वडिलांचे नाव आणि आधार कार्डावरील नाव यांत फरक आहे. आदल्या वर्षी गावात अतिवृष्टीची मदत वाटली गेली, ती त्या घराला मिळाली नव्हती. घरच्यांनी नशिबाला दोष दिला होता. कागद मात्र पेटीत तसाच होता. तो कोणी वाचला नव्हता.

त्या दिवसापासून मला एक प्रश्न पडला. शेतीच्या कारभारात यंत्रे आली, संगणक आले, भ्रमणध्वनीवरील ॲप आले. मग चूक इतकी वर्षे लपून कशी राहते? याचे उत्तर मला अभियांत्रिकीतील जोखीम व्यवस्थापनाच्या अभ्यासात सापडले.

१९४९ साली अमेरिकेच्या सैन्यदलाने यंत्रसामग्रीतील संभाव्य बिघाडांचा आगाऊ विचार करण्याची एक रीत लेखी स्वरूपात घालून दिली. तिला 'फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स ॲनालिसिस' म्हणतात. मराठीत 'बिघाड व परिणाम विश्लेषण' म्हणता येईल. पुढे ती अवकाशयानांपासून मोटारींच्या कारखान्यांपर्यंत पोहोचली. तिच्या प्रचलित रूपात प्रत्येक संभाव्य बिघाडाविषयी तीन प्रश्न विचारले जातात. बिघाड झाला तर हानी किती? तो किती वेळा होण्याचा संभव आहे? आणि हानी होण्यापूर्वी तो लक्षात येणे किती कठीण आहे? प्रत्येक उत्तराला १ ते १० गुण देऊन त्यांचा गुणाकार करतात. ज्याचा गुणाकार मोठा, त्याकडे आधी लक्ष द्यायचे.

ही रीत आपल्या शेतीच्या कागदांना लावून पाहू. पुढील गुण केवळ उदाहरणादाखल मी दिलेले आहेत. संकेतस्थळ दिवसभर बंद पडले: हानी ३, वारंवारता ८; पण ते तत्काळ कळते म्हणून तिसरा गुण १. गुणाकार २४. आता मृत वडिलांच्या जागी एका मुलीची वारसनोंद राहून गेली: हानी ९, वारंवारता ४, आणि ही चूक वाटणी, कर्ज किंवा भूसंपादनाची वेळ येईपर्यंत कळत नाही म्हणून तिसरा गुण ९. गुणाकार ३२४. ओरड पहिल्या बिघाडाची होते, घर बुडते ते दुसऱ्याने. हा भेद मुख्यतः तिसऱ्या प्रश्नामुळे दिसू लागतो.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे आपल्याच मुलखातील एक दाखला आठवतो. पेशवाईच्या अस्तानंतर पुणे जिल्ह्यात रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी करून सारा ठरविला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न घ्यायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा बसवायचा, असे त्याचे गणित होते. कागदावर ते नेमके होते. पण खालची मोजणी सदोष होती, तीत लाचलुचपतही शिरली आणि चुकीच्या आकड्यांवर अचूक गणित उभे राहिले. चूक सरकारला केव्हा कळली? शेतकरी जमिनी टाकून निघून गेले आणि शेते पडीक पडली तेव्हा.

त्यानंतर १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतले. विंगेट हा लष्करातील अभियंता होता. निव्वळ उत्पन्नाचे अवघड गणित बाजूला ठेवून त्यांनी मातीची खोली व पोत पाहून जमिनीची प्रत ठरविली, कनिष्ठांच्या कामाची वरिष्ठांकडून फेरतपासणी ठेवली आणि सारा तीस वर्षांसाठी कायम केला. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. परंतु चूक शोधण्याची सोय कामातच हवी, हे तिने ओळखले होते.

आपल्या समाजाला या गोष्टीचा आणखी एक पैलू ठाऊक आहे. गावाच्या शिवेचा तंटा उभा राही तेव्हा महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. शीव त्याला पाठ होती, लेखणी मात्र दुसऱ्याच्या हाती होती. चूक ज्याला दिसते त्याला ती नोंदविता येत नसेल, तर कोणतेही दप्तर विश्वासार्ह राहत नाही.

सातबारा संगणकावर आणताना राज्यात २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम झाली. गावासमोर नोंदी वाचायच्या आणि लोकांनी चुका सांगायच्या. ज्या चावडीची पायरी आपल्या आजोबांना वर्ज्य होती, तेथेच आपला उतारा ऐकण्याचा व त्यावर हरकत घेण्याचा हक्क आपल्याला मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच छायाचित्रासह पिकाची नोंद करू लागला. पुढच्या वर्षीच्या सुधारित ॲपमध्ये ४८ तासांत आपली नोंद दुरुस्त करण्याची मुभा आणि १० टक्के नोंदींची तलाठ्याकडून पडताळणी आली. या तिन्ही सोयी अभियंत्याच्या तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे आहेत.

तरीही सावध राहावे लागते. निव्वळ गुणाकारावर विसंबले तर क्वचित घडणारी पण भयंकर हानी लहान दिसते; म्हणून मोटार उद्योगाच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेने गुणाकार सोडून हानीला अग्रक्रम दिला. शेतीतही तोच विवेक हवा. ज्याच्याजवळ स्मार्टफोन नाही तो म्हातारा, बटाईने कसणारा पण उताऱ्यावर नाव नसलेला कष्टकरी, नवऱ्यामागे शेत सांभाळणारी बाई, यांची संख्या एखाद्या गावात थोडी असेल. त्यांचे नुकसान थोडे नसते.

माजी विद्यार्थी मित्रहो, हा लेख वाचून झाल्यावर एक स्वाध्याय करा. गावी गेल्यावर घरचा सातबारा व आठ-अ काढा आणि आईवडिलांसमोर मोठ्याने वाचा. नाव, गट क्रमांक, क्षेत्र, पीक आणि इतर हक्काचा रकाना तपासा. वारसांत बहिणींची नावे आहेत का, हे अवश्य पाहा. लेखनप्रमाद आढळला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. मग शेजारच्या ज्या घरात वाचणारे कोणी नाही, त्या घरचा उताराही वाचून द्या.

आमच्या त्या विद्यार्थ्याने अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला होता. शुद्धलेखनाच्या दोन चुका मी दुरुस्त केल्या. बाकीचे सगळे त्याचेच होते.