फराळाची पाकिटं आणि वर्गातली लेकरं

अगं, तुझा निरोप वाचला आणि फार बरं वाटलं. वर्गातली मुलं घेऊन घाटीच्या सरकारी दवाखान्यात पेशंटसोबत आलेल्या माणसांना दिवाळीचा फराळ द्यायचा, हे तुला सुचलं ते अगदी योग्य आहे. घाटीत जालना, बीड, परभणी, हिंगोली, अगदी बुलडाण्याहूनही लोक येतात. पेशंटला निदान दवाखान्याचं जेवण मिळतं. त्याच्यासाठी आलेली आई, नाहीतर बायको, व्हरांड्यात सतरंजी टाकून दिवस काढते. तिची दिवाळी तिथंच सरते. हर्सूल टी पॉइंटवरून दिल्ली गेटमार्गे गेलं की दवाखाना काही फार लांब नाही, मुलांना न्यायलाही सोपं.

फक्त ताई म्हणून एक सांगते, मनावर घे. ‘प्रत्येकानं घरून पावशेर चिवडा आणा’ असं मुळीच म्हणू नकोस. आईबाप ऊसतोडीला गेलेलं, आजीपाशी राहणारं एखादं लेकरू तुझ्याही वर्गात असेल. आजीकडे तेल किती, साखर किती, हे त्या लेकराला ठाऊक असतं. ते घरी काही बोलणार नाही, पण त्या दिवशी शाळा बुडवेल. म्हणून कुणी काय आणलं याची यादी फळ्यावर नको आणि नाव पुकारणंही नको. ऑफिसबाहेर झाकणाचा डबा ठेव. ज्याला जमेल तो पोहे, डाळं, शेंगदाणे टाकेल, कुणाला कळणारही नाही.

कमी पडेल ते मोठ्यांकडे माग, आणि मागताना संकोच करू नकोस. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेनं भाऊबीज निधी असाच दारोदार जाऊन, लहान लहान रकमांनी उभा केला. आजही तो जमवला जातो.

मुलांकडून घ्यायचं ते काम. तिथं गरीब-श्रीमंत राहत नाही. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात शाहू बोर्डिंग काढलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि एका पंगतीला बसत. हातानं काम करणं हा शिक्षणाचाच भाग होता. तूही मुलांना शेंगदाणे निवडू दे, पोहे चाळू दे, वजन करू दे. जमाखर्चाची वही तर एखाद्या अबोल मुलीकडे दे, बघ कशी नीट ठेवते.

कढईजवळ मात्र आयाच हव्यात. चिवडा पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरू देऊ नकोस, वाफ धरली की संध्याकाळपर्यंत मऊ पडतो. ओलं खोबरं टाळा. करंज्या नि अनारसे वाटेत फुटतात, त्यापेक्षा शंकरपाळे बरे. काही पाकिटं नुसत्या चिवड्याची ठेव, साखरेचा त्रास असलेली माणसंही तिथं असणार. प्रत्येक पाकिटावर केल्याची तारीख लिहायला लाव, मोठ्या अक्षरात.

घाटीत आधी समाजसेवा अधीक्षकांना भेट. कुठे थांबायचं, किती मुलं आणायची, तेच सांगतील. वॉर्डात लेकरांना नेऊ नकोस. आणि मोबाइल पिशवीतच राहू दे गं. दुखण्याच्या दारात बसलेल्या बाईचा हात पसरलेला फोटो तिच्या गावातल्या कुणी पाहावा, असं आपल्याला आपल्या आईबाबतीत चालेल का? मुलांना एवढंच शिकव: आधी टेकायचं, ‘मावशी, कुठून आलात?’ विचारायचं, ऐकायचं, मग पाकीट द्यायचं. कुणी नको म्हणालं तर आग्रह करायचा नाही. एखादी बाई बोलता बोलता रडू लागेल, मुलं गांगरतील; तेव्हा तू जवळच राहा.

सुट्ट्या लागायच्या आधीचा शनिवार धर, वसुबारसेला कुणी थांबणार नाही. पोहे जाधववाडीच्या मोंढ्यातून घाऊक घे, घासाघीस करायला मी येते. मुख्याध्यापकांशी आजच बोल.