दोन स्विच, दोन केबल आणि घोळ

दुकानातला स्विच आणि गोदामातला स्विच दोन केबलींनी जोडले की काम दुप्पट वेगाने होईल, अशी पुष्कळ व्यापारी बांधवांची समजूत असते. घडते उलटेच. ऐन गिऱ्हाइकीत बिलिंग ठप्प होते आणि दोष केबलला दिला जातो.

नुसत्या दोन केबली जोडल्या की एकच संदेश दोन्ही स्विचमधून गरगर फिरत राहतो. स्पॅनिंग ट्रीची सोय चालू असेल तर एक केबल बंद ठेवली जाते, म्हणजे तिचा खर्च फुकट. दोन्ही केबली एकच समजून चालवण्यासाठी २००० साली ८०२.३एडी हे मानक आले. त्यातल्या एलएसीपी पद्धतीत दोन्ही स्विच आपसांत बोलून जोडी ठरवतात. स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये ही सोयच नसते, हे खरेदीपूर्वीच विचारावे.

'पॅसिव्ह' बाजू विचारल्यावरच उत्तर देते. दोन्हीकडे पॅसिव्ह ठेवले तर विचारणार कोण? एक तरी बाजू 'ॲक्टिव्ह' हवी. एकीकडे एलएसीपी व दुसरीकडे 'स्टॅटिक' हा प्रकार त्याहून वाईट. काही संगणक चालतात, काही अडतात, आणि मेकॅनिकही चक्रावतो.

आम्ही सुचवतो ते असे : दुसरी केबल काढावी, दुकान एकीवर चालू द्यावे. रात्री दोन्हीकडे एलएसीपी लावून पोर्टची गती व व्हीलॅन सारखे करावे, मगच केबल जोडावी. मात्र एका संगणकाची एक फाइल तरीही एकाच केबलने जाते. फायदा अनेक संगणक एकदम चालतात तेव्हाच.