दशमांश: दहावा भाग देणे बंधनकारक आहे का?



अलीकडे आपल्या धर्मग्रामांत एक प्रश्न वारंवार कानी येतो. कॅथोलिक भाविकाने उत्पन्नाचा दहावा भाग द्यायलाच हवा का? मग हा दहावा भाग पूर्ण पगाराचा, की कर आणि कर्जाचे हप्ते जाऊन उरलेल्याचा, इथपर्यंत चर्चा जाते. ख्रिस्तसभेचे थेट उत्तर आहे: असे बंधन नाही. मात्र एवढे ऐकून ज्यांना हायसे वाटले, त्यांनी पुढचेही जरूर वाचावे.

मोशेच्या नियमशास्त्रात दशमांश हा मुख्यतः शेतीच्या उत्पन्नाचा आणि गुराढोरांचा होता (लेवीय २७:३०-३२). लेवी वंशाला वतनाची जमीन नव्हती, त्यांचा चरितार्थ त्यावर चाले आणि तेही आपल्या वाट्याचा दहावा भाग याजकांना देत (गणना १८:२१-२८). अनुवाद १४:२२-२९ हा उतारा तर फारसा कोणी वाचून दाखवत नाही. त्यानुसार दशमांशाचे अन्न कुटुंबाने देवासमोर बसून आनंदाने खायचे होते, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवून लेवी, परदेशी, अनाथ व विधवा यांना पोटभर द्यायचा होता. म्हणजे आज काही ठिकाणी ज्या विधवेकडे दशमांश मागितला जातो, तिच्यासाठीच तो त्या काळी गोळा होत असे!

चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका भगिनीने विचारले, “फादर, मी दशमांश देत नाही म्हणून माझा मुलगा सारखा आजारी पडतो का?” तिला कोणीतरी मलाखीच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय दाखवला होता. दशमांश न देणारे देवाला लुबाडतात, असे त्यात आहे खरे (३:८-१०). पण त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात मजुराची मजुरी बुडवणारे आणि विधवा, अनाथ, परदेशी यांना नाडणारे यांच्याविरुद्ध देव साक्षीला उभा राहतो, आणि पहिल्या अध्यायात आंधळी-लंगडी जनावरे अर्पण करणाऱ्या याजकांची कानउघाडणी आहे. संदेष्ट्याचा रोख त्या भगिनीवर नाही. मुलाच्या आजाराचा संबंध दानाच्या पावतीशी जोडणे ही आपली श्रद्धा नाही. ‘दहा द्या, देव शंभर देईल’ हा तर निव्वळ व्यवहार झाला.

प्रभू येशूने पुदिना, शेपू आणि जिऱ्याचाही दशमांश मोजणाऱ्या परुश्यांना न्याय, दया व विश्वास यांची आठवण करून दिली (मत्तय २३:२३). त्याने दशमांश मोडीत काढला नाही. पण तो नियमशास्त्राखालच्या लोकांशी बोलत होता. पुढे यरुशलेमच्या सभेत (प्रेषितांची कृत्ये १५) परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांवर कोणती बंधने घालायची हे ठरले, तेव्हा त्यांत दशमांश नव्हता. संत पौलाच्या पत्रांत हा शब्दही नाही. तो सांगतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने कमाईप्रमाणे काही बाजूला काढावे (१ करिंथ १६:२). मनाने ठरवून द्यावे, कुरकुरत किंवा दडपणाखाली नव्हे (२ करिंथ ९:७).

इतिहासात मात्र सक्ती झाली. इ. स. ५८५ साली माकों येथील धर्मपरिषदेने दशमांश न देणाऱ्यांसाठी बहिष्काराची शिक्षा ठरवली, ७७९मध्ये शार्लमेन राजाने तो राज्याच्या कायद्यात आणला आणि फ्रान्समध्ये १७८९च्या क्रांतीत तो रद्द झाला. आज १९८३च्या कायदेसंहितेतील कॅनन २२२ आपल्याला ख्रिस्तसभेच्या गरजा भागवण्याचे, तसेच सामाजिक न्याय व गोरगरिबांच्या मदतीचे कर्तव्य सांगते. टक्केवारी सांगत नाही. धर्मशिकवणीच्या ग्रंथातही (क्र. २०४३) ‘आपापल्या ऐपतीप्रमाणे’ असाच आशय आहे.

ऐपत हा शब्द दोन्ही बाजूंनी कापतो. महिना दहा हजार कमावणाऱ्याने हजार दिले तर घरात नऊ हजार उरतात. त्याच्या ताटातली भाजी कमी होते. दोन लाख कमावणाऱ्याने वीस हजार दिले तरी त्याचे काही अडत नाही. त्याला दहावा भाग कदाचित फारच कमी! आणि रविवारच्या झोळीत दहा रुपयांची नोट टाकून बाहेर दोनशेचा नाश्ता करणाऱ्यांना ‘आम्ही नियमशास्त्राखाली नाही’ असे म्हणण्याचा हक्क कितपत आहे, हे त्यांनीच ठरवावे. मुंबईतील ईस्ट इंडियन बांधव ऑक्टोबरमध्ये आगेरा साजरा करताना भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणतात. दहावी पेंढी कोणी मोजत नाही. पण आणतात ते पहिले पीक, उरलेसुरले नव्हे.

ज्यांना दहावा भाग हे माप सोयीचे वाटते, त्यांनी ते खुशाल वापरावे. ती सारी रक्कम चर्चच्या पेटीतच पडली पाहिजे असेही नाही. शेजारच्या मुलाची फी आणि संत विन्सेंट दी पॉल संस्थेला दिलेले धान्य हेही त्यातच धरावे. चर्चला मिळालेल्या दानाचा हिशेब भाविकांपुढे ठेवावा, अशी तरतूद कॅनन १२८७मध्ये आहे. तो मागायला संकोचू नये. आणि घरी म्हाताऱ्या आईची औषधे थांबवून कोणी दशमांश भरत असेल, तर त्याने मार्क ७:९-१३ वाचावे. आईवडिलांना द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणून देवाच्या नावे लावणाऱ्यांना प्रभूने तिथे चांगलेच सुनावले आहे.