अजिंठ्याच्या प्रतिकृती

जळगावहून दक्षिणेकडे सुमारे ६० किलोमीटर गेले की अजिंठ्याची लेणी लागतात. तेथील भित्तिचित्रे जगाला दाखवावयाची, तर भिंती काही उचलून नेता येत नाहीत; त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती हातानेच रंगविणे भाग होते.

१८४४ साली हे काम रॉबर्ट गिल या फौजी अधिकाऱ्याकडे आले. लेण्यांतील मंद उजेडात त्याने वर्षानुवर्षे मोठमोठी तैलचित्रे रंगविली. ती लंडनला गेली, आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सर्व जळाली. गिलची कबर भुसावळास आहे.

१८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी तोच उद्योग पुन्हा आरंभिला. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश लावण्यात आले. कालांतराने ते पिवळे पडले व मूळ चित्रेच झाकोळली. प्रतींसाठी केवढी ही किंमत! त्यांपैकीही पुष्कळशा प्रती १८८५ साली लंडनच्या संग्रहालयात जळाल्या.

पुढे रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून भारतात आलेले जपानी चित्रकार अराई कान्पो यांनीही येथे प्रती काढल्या. त्या टोकियोत १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. तरी कान्पो यांनी कुंचला खाली ठेवला नाही. अजिंठ्याशी नाते सांगणारी भित्तिचित्रे जपानातील होर्युजी मंदिरात होती. १९४० साली त्यांच्या प्रती काढण्याचे काम सुरू झाले, तेव्हा त्यातील प्रमुख चित्रकारांत कान्पो होते. १९४५ साली ते वारले. १९४९ साली मंदिराला आग लागली. या वेळी मात्र जळाल्या त्या भिंती. आज तेथे दिसणारी चित्रे जुन्या छायाचित्रांच्या व प्रतींच्या आधारे १९६८ पर्यंत नव्याने रंगविलेली आहेत.