बिनतारी लहरींचे दोन पट्टे

नांदेड-लातुराकडील पुष्कळ घरांत आतां भिंतीवर किंवा कपाटावर एक लहानशी पेटी बसविलेली आढळते. तिला दोन किंवा चार शिंगें असतात, पुढच्या बाजूस दिवे लुकलुकत असतात, आणि घरांतील मंडळी तिला राउटर अथवा नुसतें ‘वायफाय’ म्हणतात. मोबाइलवर चालू असलेला पाठ मध्येंच थांबला, चित्र अडखळूं लागलें, म्हणजे सगळा दोष कंपनीच्या माथीं मारण्यांत येतो. आणि मुलाचें नुकसान होऊं नये म्हणून वडील दरमहा अधिक रुपये मोजून मोठी योजना घेतात. पुष्कळदां तो पैसा व्यर्थ जातो. रस्त्यावरून घरापर्यंत आलेली तार पुरेशी वेगवान असते; अडचण असते ती पेटी आणि मोबाइल यांच्यामधील दहा-पंधरा हातांच्या हवेंत. त्या हवेचा थोडा विचार करावयाचा आहे.

ज्यांच्या घरीं जुना रेडिओ होता त्यांना ही गोष्ट समजण्यास सोपी जाईल. त्या रेडिओला पट्टा बदलण्याची एक खुंटी असे. ती एकीकडे फिरविली म्हणजे मध्यम लहरी लागत व परभणीचें आकाशवाणी केंद्र ऐकूं येई; दुसरीकडे फिरविली म्हणजे लघुलहरी लागत व सिलोनची गाणीं ऐकूं येत. पट्टा कोणता घ्यावयाचा हें ऐकणाराच्या हातीं होतें. आजच्या बहुतेक वायफायच्या पेट्यांतहि असेच दोन पट्टे असतात. मात्र ती खुंटी आतां आपल्या हातीं राहिलेली नाहीं. ती मोबाइल स्वतःच, आपणांस न विचारतां, फिरवीत असतो.

पहिला पट्टा २.४ गीगाहर्ट्‌झचा; म्हणजे त्यांतील लहर एका सेकंदांत सुमारें २४० कोटि वेळां कंप पावते. दुसरा ५ गीगाहर्ट्‌झचा; त्यांत ही संख्या ५०० कोटींच्या वर जाते. लहरींचा वेग दोहोंकडे सारखाच, सेकंदास सुमारें ३० कोटि मीटर. विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पहावा : पहिल्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर येते, दुसरीची सहा सेंटिमीटर किंवा त्याहून किंचित् कमी. ह्या लहरी आंखूड वाटत असतील, तर एवढें ध्यानांत घ्यावें कीं, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले होते. भारत सरकारनें २.४ चा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठीं २००५ सालीं परवान्यावांचून मोकळा केला, आणि २०१८ च्या नियमांनीं ५ च्या पट्ट्यांतील एकंदर ६०५ मेगाहर्ट्‌झ रुंदीची जागा सर्वांस खुली झाली.

वेगाचें रहस्य ह्या रुंदींतच आहे. लातुरास आगगाडी १९११ मध्यें बार्शी लाइट रेल्वेनें आली. तिचे रूळ अडीच फूट रुंदीचे होते. आज त्याच लातुरांत साडेपांच फुटी रुळांवरून गाड्या धांवतात. रूळ रुंद झाले कीं त्यांवरून अधिक भार अधिक वेगानें जातो, तसेंच येथेंहि आहे. २.४ चा सबंध पट्टा केवळ साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्‌झचा. त्यांत २० मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या वाहिन्या आंखल्या, तर एकमेकींस धक्का न लावतां तीनच बसतात. १, ६ आणि ११ ह्या क्रमांकांच्या. उलट ५ च्या पट्ट्यांत एकेक वाहिनी ८० मेगाहर्ट्‌झ रुंद घेतां येते. म्हणजे तिकडील एकच वाहिनी इकडील जवळजवळ सगळ्या पट्ट्याएवढी! एका शिंगामागें पहिल्या पट्ट्यांत सेकंदास सुमारें ७२ मेगाबिट, तर दुसऱ्यांत ४३३ मेगाबिट, असे हिशेब सामान्य यंत्रांचे आहेत. हे कागदावरचे आंकडे होत. प्रत्यक्षांत त्यांच्या निम्म्याच्या आसपास पदरांत पडलें तरी समाधान मानावें.

त्यांत गर्दीची भर. लातूर आणि नांदेड येथें प्रवेश-परीक्षांच्या तयारीसाठीं खेड्यापाड्यांतून हजारों विद्यार्थी येऊन राहतात. एका इमारतींत दहा खोल्या, आणि निम्म्या खोल्यांत निरनिराळी पेटी. ह्या साऱ्या पेट्या त्याच तीन वाहिन्यांवर आळीपाळीनें बोलतात. एक बोलत असतां इतरांनीं थांबावयाचें हा त्यांचा शिरस्ता आहे. शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हची भट्टीहि त्याच पट्ट्यांत कालवाकालव करितात. एखादा जुना, मंदगति मोबाइल असला तर तो थोडेंसेंच बोलण्यास फार वेळ लावितो, आणि तेवढा वेळ बाकीचे तिष्ठत राहतात. रात्रीं नऊ वाजतां पाठ अडखळण्याचें कारण पुष्कळदां हेंच असतें.

मग मोबाइल दुसरा, मोकळा पट्टा कां घेत नाहीं? विद्यार्थी बाहेरून घरीं येतो. फाटकाशीं येतांच २.४ ची लहर मोबाइलास भेटते, कारण ती दूरवर पोंचते व भिंतींतून तुलनेनें सहज पार होते. दुपटीची कंपनसंख्या असलेली लहर, त्याच जातीच्या शिंगांनीं झेलली असतां, मोकळ्या जागेंतहि चौथा हिस्साच हातीं लागते. भिंत आड आली म्हणजे आणखी क्षीण होते. म्हणून मोबाइल पहिल्या पट्ट्यास जोडला जातो. पुढें विद्यार्थी पेटीसमोर येऊन बसला तरी, जुळलेला संबंध ठीक चालला आहे असें समजून, तो तेथेंच चिकटून राहतो. पडद्यावरील उभ्या रेघा पूर्ण भरलेल्या दिसतात आणि आपण फसतों. त्या रेघा लहरीचें बळ दाखवितात. वाहिनी किती रुंद आहे व तींत किती गर्दी आहे याचा पत्ता त्यांवरून लागत नाहीं.

ह्यावर पहिला उपाय पाहण्याचा. बहुतेक मोबाइलांत वायफायच्या नांवावर बोट ठेवून तपशील उघडला म्हणजे २.४ कीं ५ हें लिहिलेलें आढळतें. पेटीच्या खोलींत बसून तेथें २.४ दिसलें, तर वायफाय बंद करून पुन्हा चालू करावें. कित्येकदां तेवढ्यानेंच तो दुसऱ्या पट्ट्यावर येतो. तेथें ५ चें नांव मुळींच न आढळल्यास आपलें यंत्र दोन पट्ट्यांचें आहे कीं नाहीं हें खोक्यावर पहावें. स्वस्त यंत्रांत पुष्कळदां एकच पट्टा असतो, आणि त्याला कोणताहि उपाय नाहीं.

खात्रीचा मार्ग म्हणजे पेटीच्या व्यवस्थापनांत जाऊन दोन पट्ट्यांस दोन नांवें देणें. अभ्यासाच्या यंत्रांत ५ चेंच नांव जोडावें व दुसरें नांव त्याच्या स्मरणांतून काढून टाकावें. कांहीं पेट्या एकाच नांवाखालीं यंत्रांस आपण होऊन ५ कडे वळवितात. पण शेवटचा निर्णय यंत्राचा असल्यामुळें ही युक्ति नेहमींच साधते असें नाहीं. माझ्या मतें लहान घरांत दोन नांवेंच बरीं. कित्येक लॅपटॉपांत ‘५ गीगाहर्ट्‌झला प्राधान्य’ अशी सोय असते, तिचाहि उपयोग करावा. पेटीवरील ५ ची वाहिनी ३६ ते ४८ मधील ठेवली तर जुन्या यंत्रांसहि ती बहुधा सांपडते. मधल्या कांहीं वाहिन्यांवर राडारचा संचार असतो, आणि कित्येक यंत्रें त्या टाळतात.

जागा निवडतांना आपल्या प्रांताचा विचार हवा. लोखंडी कपाट व पत्र्याची भिंत लहरींस परतवितात, आणि पाणी त्यांना शोषून घेतें. २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्या लातुरांत पाण्याचीं पिंपें भरून ठेवण्याची संवय असल्यास नवल नाहीं. पण पेटी त्या पिंपांमागें नसावी. उंचावर, मोकळ्यावर, जेथें मूल अभ्यासास बसतें त्याच खोलींत ती ठेवावी. एका-दोन खोल्यांच्या घरास ५ चा पट्टा सर्वांत अधिक फळतो. भिंत आड येत नाहीं, आणि त्या लहरी शेजाऱ्याकडेहि फारशा पोंचत नाहींत. म्हणून गर्दी कमी.

जुन्या वाड्यांची गोष्ट वेगळी. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आपल्याकडे सर्रास असत. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत तशाच भिंतींनीं शेंकडों घरांतील माणसें गाडलीं, आणि पुनर्वसनाचीं घरें निराळ्या बांधणीचीं झालीं. तरी गांवोगांवीं जुने वाडे उभे आहेत. तेथें आंतल्या माजघरांत ५ ची लहर पोंचेलच असें नाहीं, आणि हट्टानें तीच धरली तर संबंध वारंवार तुटतो. अशा जागीं २.४ चाच पट्टा घ्यावा. घरांतील छापण्याचें यंत्र, बिनतारी दिवे, दारावरचा कॅमेरा हींहि त्याच पट्ट्यावर राहूं द्यावीं. त्यांना वेग लागत नाहीं, आणि कित्येकांस दुसरा पट्टा कळतहि नाहीं.

माजघरांतच अभ्यास करावयाचा असेल, तर पहिल्या पेटीपासून तेथपर्यंत एक तार ओढून दुसरी पेटी बसवावी. तारेऐवजीं दोन पेट्यांमध्येंहि बिनतारीच जोड घेतला, आणि तो व मोबाइल एकाच पट्ट्यावर असले, तर प्रत्येक शब्द दोनदां बोलावा लागतो, आणि जवळजवळ अर्धा वेग वाटेंतच खर्च होतो.