चित्रयंत्र व कार्ल्याचा सिंहस्तंभ

नवलाख उंबरे येथील वर्गास कार्ल्याच्या लेण्यांचे भित्तिपत्रक करावयाचे आहे, असे समजावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रयंत्रास चार ओळींचे वर्णन दिले की चित्र तत्काळ सिद्ध होते. परंतु यंत्राने लेणे पाहिलेले नसते. असंख्य चित्रे व त्यांची वर्णने यांवरून ते शिकते. आरंभी पटलावर नुसता ठिपक्यांचा गोंधळ असतो. वर्णनाच्या अनुरोधाने तो हळूहळू निवळून आकार उमटतो. म्हणूनच सर्वत्र आढळणारे रूप त्यास सहज साधते, एखाद्या स्थळाचे वेगळेपण मात्र निसटते. चैत्यगृहापुढे ते दोन्ही बाजूंस सारखे स्तंभ उभे करण्याचा संभव आहे, आणि ते शोभूनही दिसतील! प्रत्यक्षात समोरून पाहता डावीकडे एकच सिंहस्तंभ आहे. उजवीकडे एकवीरा देवीचे मंदिर आहे.

यास्तव शिक्षकांनी मुलांस प्रथम लेण्यांवर न्यावे. आतील 37 खांब त्यांच्याकडून मोजवून घ्यावेत. स्तूपामागील 7 खांब साधे अष्टकोनी आहेत, हे त्यांचे त्यांनाच आढळू द्यावे. जागेवरच कच्चे रेखाटन करवावे. त्यानंतर यंत्राचे चित्र शेजारी ठेवून त्यातील चुकांवर मुलांनीच खुणा कराव्यात व वर्णन सुधारून द्यावे. तरीही दुसरा स्तंभ हटला नाही, तर तेवढा भाग हाताने काढावा. जोडाक्षरे यंत्राकडून पुष्कळदा बिघडतात. शीर्षक मुलांनी कुंचल्यानेच लिहावे.