पोहण्याच्या तलावाला आधी फाटक

प्रश्न : हडपसरला आमच्या बंगल्यामागे साडेचार फूट खोलीचा छोटा पोहण्याचा तलाव आहे. आजवर घरात लहान मूल नव्हतं. आता मुलगी दोन्ही मुलांना घेऊन आमच्याकडे राहायला येते आहे. थोरली पाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. दुकानदार अलार्म, कव्हर, फ्लोट असं बरंच काही दाखवतो. आधी काय घ्यावं?
— एक आजी, हडपसर

उत्तर : आजी, आधी कुंपण. दुकानदार ते दाखवणार नाही, कारण ते फॅब्रिकेशनवाल्याकडूनच करून घ्यावं लागतं.

मुलं पोहत असताना घरातली मोठी माणसं काठावर असतातच. घात होतो तो कोणी पोहत नसताना. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने घरगुती तलावांत बुडालेल्या लहान मुलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतली तीन चतुर्थांशांहून अधिक मुलं पाच मिनिटं किंवा त्याहूनही कमी वेळ नजरेआड झाली होती. दूध उतू जातंय म्हणून आत जाऊन येण्याइतकाच हा वेळ. आणि बुडणारं तान्हं मूल हाक मारत नाही, पाण्याचा फारसा आवाजही होत नाही. हडपसरमधून मुठा उजवा कालवा वाहतो. त्याच्या काठी कोणी लेकराला एकटं सोडत नाही. घरच्या स्वच्छ निळ्या पाण्याची मात्र तेवढी धास्ती वाटत नाही.

कुंपण चारही बाजूंनी हवं. बंगल्याची भिंत ही चौथी बाजू धरली, तर मागचं दार उघडं राहिलं की मूल थेट पाण्यापाशी पोचतं. उंची किमान चार फूट. गज उभेच घ्या आणि दोन गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर ठेवायला सांगा. खालची फटही तेवढीच. आपल्याकडचे कारागीर हौसेने आडव्या पट्ट्यांचं ग्रिल बनवतात, दिसतंही छान. पण थोरलीसाठी ती आयती शिडी होईल. कुंपणाला लागून कुंडी, खुर्ची, एसीचं बाहेरचं युनिट, काही नको.

खरी परीक्षा फाटकाची. स्प्रिंगच्या बिजागऱ्या लावा, म्हणजे ते आपोआप मिटेल, आणि कडी आपोआप बसेल अशी घ्या. फाटक तलावापासून बाहेरच्या बाजूला उघडावं, म्हणजे मुलाने ढकललं तर ते आणखी घट्ट बसेल. कडी जमिनीपासून साडेचार फुटांवर. काम झाल्यावर कारागिराला लगेच जाऊ देऊ नका. फाटक थोडंसं, मग अर्धं, मग पूर्ण उघडून सोडून पाहा. तिन्ही वेळा कडी स्वतःहून लागली पाहिजे. पावसाळ्यात बिजागऱ्या गंजतात, तेव्हा पुन्हा तपासा. पाणी आणताना सोयीचं म्हणून फाटकाला वीट लावून ठेवायची सवय घरात कोणालाच लागू देऊ नका, कामाला येणाऱ्या मावशींनाही हे नीट समजावून सांगा.

अलार्म घ्यायचाच असेल तर मागच्या दाराला लावा. पाण्यातला अलार्म मूल पडल्यावर वाजतो, दारावरचा ते बाहेर पडतानाच. कव्हरच्या बाबतीत फार सावध राहा. पाणी कोमट ठेवायचं फुगेवालं प्लास्टिक मुलाचं वजन पेलत नाही. मूल त्याखाली जातं आणि वरून दिसतही नाही. माणसाचं वजन पेलणारं, कडेने ताणून बसवलेलं कव्हरच उपयोगाचं.

दंडावरचे हवेचे फुगे हे खेळणं आहे, संरक्षण नव्हे. तान्ह्या बाळाच्या गळ्यात घालायची रिंग तर घेऊच नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2022 मध्ये तिच्याविरुद्ध इशारा दिला आहे. लाइफ जॅकेट घेताना मुलाच्या वजनाप्रमाणे घ्या, पायांमधून जाणारा पट्टा आहे का पाहा आणि घातल्यावर खांद्याशी धरून वर उचला. हनुवटी आत घसरत असेल तर ते मोठं आहे. जॅकेट घातलं तरी मोठं माणूस पाण्यात, हात पोचेल इतक्या जवळ हवंच.

तळाच्या जाळीकडे सहसा कोणी पाहत नाही. पंप तिथून पाणी ओढतो. जाळी तुटलेली किंवा सैल असेल तर केस, अंग तिथे अडकून मूल वर येऊच शकत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात 2002 मध्ये अशीच गेली, आणि 2007 मध्ये तिच्या नावाने तिथे कायदा झाला. जाळी तुटली असेल तर ती बदलेपर्यंत तलाव बंद ठेवा.

काठावर लांब दांडा आणि दोर बांधलेली रिंग टांगून ठेवा. खेळ संपला की चेंडू, बदकं पाण्यातून काढा. धाकटा त्यांच्यासाठीच पाण्याकडे धावेल.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्या. बुडालेल्या मुलाला उलटं धरून, पोट दाबून पाणी काढत बसू नका, त्यात मोलाची मिनिटं जातात. मूल श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबायला लागा, आणि दुसऱ्याने तोवर 108 ला फोन करावा. वाचून हे हाताला येत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून प्रशिक्षण घ्या, मुलं यायच्या आतच.